मोटार रिवाइंडिंगचं बिनबोर्डाचं दुकान, नवापूर साइड (४ स्टार)

आधीच सांगतो, मिस्तरीचं नाव टाकत नाहीये कारण त्याने टाकू दिलं नाही, आणि दुकानाला बोर्डच नाही त्यामुळे दुकानाचं नाव काय टाकणार. आपल्या खान्देशात वाढदिवसाला चौकाचौकात फ्लेक्स लागतात अन हा माणूस इतकी वर्षं साध्या पत्र्याच्या शटरवर धंदा करतोय.

मी साक्री तालुक्यातला, कांदा लावतो. फेब्रुवारीत कांद्याला ऐन पाण्याची गरज तेव्हा साडेसात एचपीची सबमर्सिबल गेली, रात्रीची लाइट, तीनपैकी एक फेज उडाला, मोटार दोन फेजवर घरघरत राहिली आणि सकाळी स्टार्टर लावला की पडायचा. शालक म्हणाला नवापूरकडे एक मिस्तरी आहे, ख्रिस्ती आहे, काम एक नंबर. पिकअपमधे टाकून नेली.

त्याने माझ्यासमोर खोलली, वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी, कुठे काळी पडली ते दाखवलं, थ्रस्ट बेअरिंग घासलं होतं तेही दाखवलं. जळालेली तांब्याची तार काट्यावर मोजून पिशवीत घालून माझ्या हातात दिली, ही गोष्ट ज्याने कधी मोटार भरून, म्हणजे नवी तार गुंडाळून घेतली त्यालाच कळेल, बाकी ठिकाणी ती तार मागायला गेलं तर तोंडं वाकडी होतात. तिसऱ्या दिवशी मोटार तयार, सोडली आणि पाणी असं आलं की विचारू नका. फोन करून म्हटलं मिस्तरी, हात सोन्याचे तुमचे. तर म्हणे, "देवाचा गौरव असो भाऊ, मनं काय शे त्यामां." म्हणजे माझं काय आहे त्यात.

खरं सांगू, मला ते जरा नाटकी वाटलं. मजुरी याने घ्यायची अन गौरव देवाला?

नवव्या दिवशी मोटार अर्थ झाली, म्हणजे करंट बॉडीत उतरायला लागला. मी जाम चिडून गेलो, रस्ताभर मनात तयारी, की आता विचारतो हे पण देवानेच केलं का. त्याने मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला, खोलली, बघितलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, केबलचा जॉइंट माझ्याकडून कच्चा राहिला, पाणी शिरलं, चूक माझी. लाइटवर नाही ढकललं, वायर कंपनीवर नाही, पोऱ्यावर तर नाहीच. परत भरली, एक रुपया घेतला नाही, वरून पिकअपचं भाडं खिशात कोंबलं. गावात आपण बरोबर उलटं करतो ना, झालं तर मी केलं, बिघडलं तर नशीब.

त्या दिवशी बसून बोललो. मला वाटायचं हे लोक नम्र म्हणजे मला काय येतं असं म्हणणारे, पण पोऱ्या म्हणाला तारेचे दोन टर्न (वेढे) कमी चालतील तर मिस्तरी कडक, नाही, इतकेच पाहिजेत, मला माहितीये. मग मला म्हणतो, येतं त्याला येत नाही म्हणणं पण खोटंच ना, फक्त आलं कुठून ते विसरायचं नाही. बायबलमधे पौल नावाच्या धर्मप्रचारकाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलंय म्हणे, की तुझ्याजवळ असं काय आहे जे तुला मिळालेलं नाही. तिथली मंडळी आपसात भांडायची, मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा (हा दुसरा प्रचारक), आपल्या पार्ट्यांसारखं, तर पौल म्हणाला मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढवलं देवाने. हे मात्र मला लगेच पटलं, मी मोटार चालवतो, कांदा काय मी फुगवतो का.

मग हळूच म्हणाला, स्तुती ऐकली की माझी पण छाती फुगते भाऊ, म्हणून फुगायच्या आत बोलून टाकतो. हे ऐकून मला तो आवडला. फोटो काढायला गेलो तर मोटारीचा काढ म्हणे, तोच खाली टाकलाय.

एक स्टार कापला कारण रविवारी पूर्ण बंद, चर्चच्या वेळेत फोन पण उचलत नाही, नाताळच्या आठवड्यात तर विसराच, आणि पहिल्या खेपेचा तो जॉइंट. जाणाऱ्यांनी स्टार्टर सोबत न्या, मिस्तरी त्यातला रिले (लोड जास्त झाला की मोटार बंद करणारा) पण चेक करून देतो. आणि मोटार सोडण्याआधी त्यात स्वच्छ पाणी भरायला सांगतो ते ऐका, शेजाऱ्याने नाही ऐकलं, त्याची आता परत तिथेच आहे.