जुनी इनॅमलची पाटी: नुसती धुवावी, लांबी (पुट्टी) भरावी की पुन्हा भट्टीत घालावी?
मराठवाड्यात मोंढ्यातलं (धान्यबाजारातलं) जुनं दुकान पाडलं, माळदाचं (मातीच्या धाब्याचं) घर उतरवलं की कधीकधी चहाची, साबणाची नाहीतर रॉकेलची इनॅमलची पाटी हाती लागते. टवके उडालेले असतात, खिळ्यांच्या भोकांभोवती गंज चढलेला असतो. तिचं काय करायचं याच्या वाटा तीन आहेत, पण त्या सारख्या तोलाच्या नाहीत.

ही पाटी रंगवलेली नसते. पत्र्यावर काचेची पूड पसरून ती सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भाजतात. पकड यावी म्हणून खालच्या थरात बहुधा कोबाल्ट असतं, त्यामुळे तो थर गडद दिसतो. वरचे रंग एकेक करून चढवतात आणि दर वेळी पुन्हा भाजतात. म्हणूनच ही पाटी वर्षानुवर्षं ऊन सोसते, पण आपटली की तडकते आणि टवक्याखालून गंज पुढे सरकतो.

पहिली वाट म्हणजे नुसती सफाई, आणि माझा कौल तिलाच आहे. मऊ ब्रश, सौम्य साबण आणि कोमट पाणी एवढ्यावर बरंच काम होतं. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं, वाळल्यावर पांढरे डाग सोडतं. म्हणून शेवटचा हात बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचा द्यावा. सुटा गंज काढून टवक्यापुरतंच टॅनिक अॅसिडचं रस्ट कन्व्हर्टर लावावं. गंज काळा पडतो आणि खालच्या गडद थरात बराचसा मिसळून जातो. वरून मेणाचा पातळ हात दिला की झालं. संडास साफ करायचं अॅसिड मात्र पाटीजवळ नेऊ नका, इनॅमलची चकाकी कायमची जाते. जुन्या लाल-पिवळ्या रंगांत शिसं किंवा कॅडमियम असू शकतं, तेव्हा कोरडा पॉलिश पेपरही घासू नका.

दुसरी वाट एपॉक्सीची (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या राळेची) लांबी भरून वर रंग देण्याची. अक्षराचाच तुकडा उडाला असेल तर ही वाट योग्य आहे. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारा चांगला कारागीर रंगही जुळवून देतो, आणि पुढेमागे ही भर काढता येते. अडचण उन्हाची. एपॉक्सी उन्हाने पिवळी पडते. मूळ काच तशीच राहते आणि भरलेला भाग वेगळा दिसू लागतो. म्हणजे अशी पाटी घरातच लावायची. कारागिराला आधीच बजावा की टवक्याच्या कडेबाहेर रंग जाता कामा नये. नाहीतर तो हौसेने अख्खी पाटी नवी करून देईल.

पुन्हा भाजून घेणं मला पटत नाही. जुना पत्रा वाकतो, गंज आणि मळ यांमुळे फोड येतात, रंग बदलतात. ते टाळायचं तर सगळं इनॅमल उतरवून नव्याने चढवावं लागतं. मग हातात नवी पाटी येते. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला पावडर कोटिंग करून मिळतं, पण ते इनॅमल नव्हे. ती प्लास्टिकची पावडर असते, साधारण २०० अंशांना भाजलेली, आणि त्याआधी सँडब्लास्टिंगमध्ये (वाळूच्या माऱ्यात) मूळ अक्षरं उडून जातात. अक्षरं मुळीच उरली नसतील तरच, फोटो काढून ठेवून, हा विचार करावा.

कारण मोल त्या अक्षरांचं आहे. १९४८ पर्यंत इथे मराठवाड्यात निजामाचं राज्य होतं आणि कारभाराची भाषा उर्दू. मराठीशेजारी उर्दू मजकूर असलेली पाटी निघाली तर तिच्यावर रंगाचा थेंबही पडू देऊ नये. नुसत्या नावावरूनही काळ कळतो. बर्मा-शेलचं नाव असेल तर पाटी १९२८ ते १९७६ यांदरम्यानची धरायला हरकत नाही.

कुठलीही वाट धरली तरी भिंतीवर लावताना पितळी स्क्रू घ्या आणि मध्ये रबराचा किंवा चामड्याचा वॉशर घाला. स्क्रू करकचून आवळू नका, भोकांभोवतीचे टवके बहुतेक वेळा त्यानेच उडतात.