निळ्या गुलाबाचं बी आणि कस्टमर केअरचा नंबर

गुलाबाचं बी ऑनलाइन विकत घेऊ नका. निळा, काळा, सप्तरंगी, पाकिटावर कुठलाही रंग छापलेला असू दे, घेऊ नका. आणि घेऊन फसलात तर पैसे परत मागायला कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे. बियाण्यात आमचे 349 रुपये गेले होते, त्या नंबरापायी 46 हजार गेले.

2020 चा लॉकडाऊन होता. आम्ही डोंबिवलीला राहतो. बाग म्हणजे खिडक्यांच्या ग्रिलमध्ये मावतील तेवढ्या कुंड्या. माझे सासरे, त्यांना आम्ही नाना म्हणतो, रोज सकाळी फिरायला जाणारे, कट्ट्यावर बसणारे. ते सगळंच बंद झालं. लोकल बंद, बदलापूरकडच्या नर्सरीपर्यंत जायची सोय नाही. मेअखेरीस ऑनलाइन सामान घरपोच यायला लागलं तेव्हा नानांनी मोबाइलवर निळ्या गुलाबाच्या बियांची जाहिरात दाखवली. फोटोत गडद निळ्या फुलांनी लगडलेलं झाड होतं. खाली शेकडो लोकांनी चांगलं म्हटलेलं. मीच ऑर्डर टाकली, सोबत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखतही मागवलं.

पाकीट आलं ते साधं प्लॅस्टिकचं, झिप लावलेलं. वाणाचं नाव नाही, लॉट नंबर नाही, उगवणक्षमतेची टक्केवारी नाही, तपासणीची तारीख नाही, विकणाऱ्याचा पत्ता नाही. आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात मेथी-कोथिंबिरीचं पाकीट घेतलं तरी त्यावर हे सगळं छापलेलं असतं. सोबत एक चिठ्ठी मात्र होती : उगवायला 25 ते 40 दिवस लागतील, धीर धरा, रोज पाणी द्या. माल परत करायची मुदत होती 7 दिवस. या धंद्याची सगळी मेख इथेच आहे. साडी खराब निघाली तर घडी मोडताच कळतं. बियाण्याचा खोटेपणा मातीतून वर यायला वेळ लागतो, आणि तो वर येईपर्यंत परतीची मुदत केव्हाच संपलेली असते. पहिल्या आठवड्यात खूश असलेले लोक पाच चांदण्या देऊन मोकळे होतात, कारण त्यांनी फक्त पाकीट वेळेवर आलेलं पाहिलेलं असतं.

नानांनी मन लावून पाणी घातलं. कोंब आले तेव्हा घरात पेढे आणायचेच बाकी होते. पानं मोठी झाली, लालसर झाली, आणि शेजारच्या काकूंनी ग्रिलमधूनच सांगितलं, "अहो नाना, हा तर माठ आहे!" खरंच माठ होता.

पुढे नर्सरी उघडल्यावर तिथल्या मालकांनी जे समजावलं ते प्रत्येक बागवाल्याला माहीत असायला हवं. बागेतला गुलाब कोणी बियांवर लावत नाही. रानगुलाबाच्या खुंटावर हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, भरतात, किंवा फांदी लावतात. बी रुजलं तरी त्याच्यातून आईसारखंच फूल येईल याचा भरवसा नसतो. शिवाय ते रुजायला आधी काही आठवडे थंडावा लागतो. निळ्या रंगाचं तर विचारूच नका. निळा रंग देणारं डेल्फिनिडिन नावाचं द्रव्य गुलाबाच्या पाकळीत मुळात तयारच होत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने जनुकं बदलून तसा गुलाब केल्याचं 2004 मध्ये जाहीर केलं, तो तिथल्या बाजारात आला 2009 मध्ये, आणि तोसुद्धा जांभळट रंगाचा आहे. फुलवाल्याकडे दिसणारे निळेशार गुलाब हे रंगाच्या पाण्यात ठेवलेले पांढरे गुलाब असतात. तेव्हा जे फूल झाडावर येतच नाही, त्याचं बी कोणी कसं विकेल?

इथवर प्रकरण 349 रुपयांचं होतं. सोडून देता आलं असतं. पण नानांना चीड आली होती ती पैशांपेक्षा त्या खोटेपणाची. नोकरीत असताना त्यांनी तक्रारीचं प्रत्येक पत्र तडीस नेलेलं. दुपारी आम्ही दोघं आपापल्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना त्यांनी साइटचं नाव आणि पुढे 'कस्टमर केअर' असं टाकून नंबर शोधला. सगळ्यात वर जो आला तो लावला. तो चोरांनी टाकलेला होता. बनावट वेबपेज करून किंवा नकाशावर खोटं दुकान नोंदवून असे नंबर वर आणता येतात. वर दिसतो म्हणून तो खरा, असं अजिबात समजू नका.

फोनवरचा माणूस अतिशय अदबीने बोलला. "अंकलजी, आप बिलकुल चिंता मत कीजिए, पूरा रिफंड मिलेगा." ऑर्डर कधीची, वस्तू काय, सगळं नानांकडूनच काढून घेतलं आणि मग तेच वाचून दाखवल्यासारखं सांगितलं, त्यामुळे नानांना वाटलं की याच्याकडे आपली नोंद आहे. मग एक ॲप घ्यायला लावलं, त्यात दिसणारा आकडा विचारला. आकडा सांगितल्यावर नानांच्या फोनची स्क्रीन त्या माणसाला त्याच्याकडे दिसायला लागली. त्यानंतर एक फॉर्म आला. पडताळणीसाठी 10 रुपये भरा, तेही रिफंडमध्ये परत येतील. त्यात डेबिट कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. "अब फोन उल्टा रख दीजिए, प्रोसेसिंग चल रही है." नानांनी फोन पालथा ठेवला. त्या वेळात ओटीपी येत होते आणि पलीकडचा माणूस ते आरामात वाचत होता. नानांनी एकही ओटीपी तोंडाने सांगितला नाही, हे मुद्दाम लिहिते आहे. 'ओटीपी कोणाला सांगू नका' एवढंच बजावून भागत नाही, कारण या पद्धतीत तो सांगावा लागतच नाही. तीन व्यवहारांत खातं रिकामं झालं.

आम्ही कार्ड बंद केलं, बँकेला ईमेल केला, cybercrime.gov.in या सरकारी साइटवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात अर्ज दिला. एक रक्कम मोबाइल वॉलेटमध्ये अडकलेली सापडली, ती 9 हजार परत आली. बाकीची मिळाली नाही. तेव्हा रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक लागू होतं, त्याप्रमाणे दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसेल आणि 3 कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार येत नसे. पण माहिती ग्राहकाच्या हातून गेली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. बँकेने हेच कलम दाखवलं. याच परिपत्रकात असंही होतं की कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. म्हणून घरात चर्चा करत बसण्याआधी बँकेला फोन लावा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.

नाना महिनाभर कोणाशी नीट बोलले नाहीत. मला या चोरांचा सगळ्यात जास्त राग त्यासाठी आहे. आधी फसलेल्या, न्याय मागणाऱ्या माणसालाच ते गाठतात. त्याची चूक काढणाऱ्या नातेवाइकांनीही जरा थांबावं. घरच्यांच्या बोलण्याच्या भीतीने किती ज्येष्ठ मंडळी तक्रारच करत नसतील.

आता काही सोयी झाल्या आहेत ज्या तेव्हा आमच्याकडे नव्हत्या. पैसे गेल्यागेल्या 1930 हा सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर लावायचा. पैसे पुढच्या खात्यात थांबवता येण्याची शक्यता पहिल्या तासा-दोन तासांतच जास्त असते. माल खोटा निघाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. जुलै 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटने तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क देणं बंधनकारक आहे, 48 तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारणही. तो संपर्क साइटच्या किंवा ॲपच्या आतच असतो, तिथूनच घ्यायचा. आणि पत्ता नसलेलं, न मागवलेलं बियाणं टपालाने आलं तर कुंडीत टाकू नका. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने अशा अनोळखी पाकिटांबद्दल राज्यांना सावध केलं होतं, कारण त्यातून परके तण आणि रोग येऊ शकतात. पाकीट बंदच ठेवून तालुका कृषी कार्यालयात द्या.

आज संध्याकाळी घरातल्या मोठ्यांचा फोन दहा मिनिटं मागून घ्या. डेबिट कार्डाच्या मागे छापलेला बँकेचा नंबर आणि 1930, दोन्ही त्यात सेव्ह करून द्या. आधीच कोणी घ्यायला लावलेलं, स्क्रीन दाखवणारं ॲप असेल तर तेही तिथल्या तिथे काढून टाका.