ओबीडी स्कॅनर: आठ महिने वापरल्यावर, एबीएसच्या पिवळ्या दिव्यासकट

जुलैत त्र्यंबकहून नाशिकला येताना सातपूरच्या अलीकडे डॅशबोर्डवर एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लागला. ब्रेक नेहमीसारखेच लागत होते. गाडी बंद करून सुरू केली की दिवा जायचा आणि पाच-दहा मिनिटांत पुन्हा हजर. गाडी माझी २०१६ ची, पेट्रोल हॅचबॅक. एका गॅरेजला दाखवली. बॉनेट उघडून एक नजर टाकली आणि निकाल लागला, "मॉड्यूल गेलंय साहेब, अठ्ठावीस हजार धरून चाला." मॉड्यूल म्हणजे एबीएस चालवणारा छोटा संगणक. यंत्र लावलं नाही, चाकाकडे कुणी वाकलंसुद्धा नाही. त्याच रात्री ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, शोधायला बसलो.

पहिली खरेदी फसली. सहाशे रुपयांचा ईएलएम ३२७ चिपवाला ब्लूटूथ डोंगल घेतला, स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लावला आणि मोबाईलवर उत्तर आलं, 'एकही दोष नाही'. समोर दिवा जळतोय आणि हा म्हणतो सगळं ठीक! मग कळलं की असले स्वस्त डोंगल आणि त्यांच्यासोबतची फुकट अ‍ॅप्स बहुतेक वेळा इंजिनचेच, म्हणजे 'पी'ने सुरू होणारे कोड वाचतात. एबीएसचे कोड 'सी'चे, आणि त्यांचं मॉड्यूल वेगळं. तेव्हा घेताना एकच गोष्ट विचारा: माझ्या मॉडेलचं एबीएस हा वाचतो का? दुकानदार 'सगळ्या गाड्यांना चालतो' म्हणाला तर गाडी घेऊन जा आणि समोर लावून बघा.

दुसरा, वायरवाला आणि स्वतःचा पडदा असलेला, साडेचार हजारांना पडला. आठ महिने वापरतोय तो हा. लावताच कोड दिला, सी ००४०, म्हणजे उजव्या पुढच्या चाकाचा स्पीड सेन्सर. मी खूश. कोड पुसला, दिवा गेला, पंचवटीपर्यंत जाऊन आलो तर पुन्हा तेच.

इथे मी नवीन सेन्सर मागवणारच होतो. पण कोड फक्त पत्ता देतो. त्या पत्त्यावर सेन्सर राहतो, त्याची वायर राहते, कनेक्टर राहतो, आणि ज्याच्यावरून तो वेग मोजतो ती दातेरी रिंगही राहते. गुन्हेगार कोण, हे शोधावं लागतं. त्यासाठी या यंत्रातली खरी कामाची गोष्ट म्हणजे लाइव्ह डेटा, गाडी चालू असताना प्रत्येक चाकाचा वेग थेट पडद्यावर. रविवारी सकाळी अंबड एमआयडीसीतले रस्ते रिकामे असतात. भाच्याला शेजारी बसवून स्कॅनर त्याच्या हातात दिला. सरळ रस्त्यावर चारही चाकं ताशी तीस-एकतीस किलोमीटर दाखवत होती. डावीकडे जोरात वळलो आणि भाचा ओरडला, "मामा, पुढचं उजवं शून्य झालं!" स्टिअरिंग सरळ केलं, पुन्हा तीस. सेन्सर मेला असता तर सरळ रस्त्यावरही मेलेलाच राहिला असता. वळताना ताणली जाते ती वायर.

घरी येऊन चाक काढलं. मडगार्डच्या आतली वायर धरून ठेवणारी क्लिप तुटली होती आणि वायर लोंबत होती. वरून आवरण धड, आत तांब्याची तार तुटलेली. माझा सेन्सर जुन्या धाटणीचा, चुंबक-कॉइलवाला, त्यामुळे मल्टिमीटर लावता आला: अकराशे ओहमच्या आसपास, आणि वायर वाकवली की आकडा गायब. तुमच्या गाडीत हॉल प्रकारचा, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला सेन्सर असेल तर ओहम मोजत बसू नका, त्यातून काही कळत नाही.

नाशिकातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका वायरमनने दीडशे रुपयांत सोल्डर करून वर स्लीव्ह चढवून दिली. तीन महिने छान गेले. ऑक्टोबरमध्ये सप्तशृंगीच्या घाटात दिवा परत आला, सोल्डरच्या शेजारीच तार पुन्हा तुटली होती. जी वायर रोज हलते तिथे कडक जोड टिकत नाही, हे त्याने आधीच सांगितलं होतं. ऐकलं नाही मी. मग वायरसकट नवीन सेन्सर घेतला. दहाचा बोल्ट निघाला, पण जुना सेन्सर गंजाने भोकात इतका रुतला होता की तुकड्यांत बाहेर आला. गंज सुटायचं तेल मारून रात्रभर ठेवा, भोक पॉलिश पेपरने साफ करा, आणि नवा सेन्सर ठोकून बसवू नका. सगळं मिळून खर्च दोन हजारांच्या आत. क्लिप मात्र विसरू नका, मूळ दुखणं तिचंच होतं.

स्कॅनरच्या तक्रारीही आहेत. वायर आखूड आहे, गाडी चालवणाऱ्याने एकट्याने वाचायला जाऊ नये. उन्हात पडदा दिसत नाही. आणि सोसायटीत बातमी पसरली की तुम्ही फुकटचे मेकॅनिक होता. एका शेजाऱ्यांच्या गाडीत एबीएस, स्टिअरिंग, सगळे दिवे एकदम लागले होते. कोड आला कमी व्होल्टेजचा. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी साचली होती. गरम पाण्याने साफ करून घट्ट आवळल्यावर दिवे गेले. काकूंनी साबुदाणा वडे पाठवले.

एक गोष्ट यंत्राशिवायची. पिवळ्यासोबत लाल ब्रेकचा दिवाही लागला आणि हँडब्रेक खाली असेल, तर स्कॅनर वगैरे राहू द्या. गाडी बाजूला घ्या, ब्रेक ऑइलची पातळी बघा, टो करून न्या. नुसता पिवळा असेल तर साधे ब्रेक चालतात, पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबल्यास चाकं लॉक होऊ शकतात. पावसाळ्यात कसाऱ्याचा घाट उतरताना ते नको.

सध्या डावं मागचं चाक सरळ रस्त्यावर अधूनमधून ताशी दोन किलोमीटर कमी दाखवतंय. टायरची हवा तपासली, बरोबर आहे. कोड अजून नाही. मे महिन्यात ते चाक उघडणार आहे.