सर्व्हो मॉड्यूल उडालं : दुरुस्तीला द्यायचं की बदलायचं?

भोसरी-पिंपरीकडे हा प्रश्न शुक्रवारी सकाळी जास्त पडतो. गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी, त्यामुळे पॅनल दिवसभर थंड. शुक्रवारी मेन स्विच टाकावा तर सर्व्हो मॉड्यूलच्या, म्हणजे सीएनसी मशीनच्या अक्षांच्या मोटरांना पॉवर देणाऱ्या अॅम्प्लिफायरच्या, डिस्प्लेवर काही उमटतच नाही, नाहीतर उमटतो तो अलार्म. आतल्या कंट्रोल सप्लायचे कपॅसिटर वाळत आले की असंच होतं. चालू मशीन कुरकुर न करता चालतं, एकदा बंद केलं की उठत नाही. मग फोनाफोनी. कार्ड रिपेअरवाला म्हणतो, आणून टाका, बघतो. डीलर म्हणतो, कोटेशन पाठवतो.

माझ्या शॉपवर दोन्ही करून झालंय. अनुभव मुख्यतः व्हीएमसीवरच्या (उभ्या स्पिंडलचं मशीनिंग सेंटर) फॅनुक अल्फा-आय मालिकेतल्या दोन अक्षांच्या मॉड्यूलचा, म्हणजे ए०६बी-६११४ ने सुरू होणाऱ्या नंबरांचा, आणि एका जुन्या एसपीएमवरच्या (एकाच कामासाठी बनवून घेतलेलं मशीन) मित्सुबिशी एमआर-जे२एस ड्राइव्हचा. सीमेन्स किंवा यास्कावावाल्यांनी यातलं लागू पडेल तेवढंच घ्यावं.

तुलनेआधी मॉड्यूलच गेलंय ना, ते बघून घ्या. मोटरच्या करंटचा ४३८ नंबरचा अलार्म आला, डिस्प्लेवर बी किंवा सी दिसला, की सगळे मॉड्यूलकडे बोट दाखवतात. त्या अक्षाच्या मोटरची पॉवर केबल मॉड्यूलवरून सोडवा आणि परत चालू करा. अलार्म तसाच राहिला तर मॉड्यूल, गेला तर केबल किंवा मोटर. झेडवर, म्हणजे वरखाली जाणाऱ्या अक्षावर, हा प्रयोग खाली ठोकळा दिल्याशिवाय करू नका, ब्रेक सुटला तर हेड खाली येतं. मोटर मेगरवर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) घ्यायची तर मॉड्यूलपासून पूर्ण सोडवून. १०० मेगाओहमच्या वर असेल तर बिनघोर, १० च्या खाली गेली तर इन्सुलेशन बरंच खराब झालंय, आणि १ च्या खाली असेल तर त्या मोटरवर कुठलंच मॉड्यूल लावू नका, नवंही नको नि दुरुस्त केलेलंही नको. आमच्याकडे बहुतेक वेळा मोटरच्या कनेक्टरमध्ये कूलंट शिरलेलं सापडतं. कनेक्टर उघडला की आत पांढरट ओल आणि पिनांवर हिरवट थर. डिस्प्लेवर नुसता १ आला असेल तर आतला पंखा बंद पडलाय. पंखा बदला आणि कामाला लागा, त्याच्यासाठी हा लेख वाचायची गरज नाही.

आता मॉड्यूलच गेलंय असं धरून चालू.

पैशांत दुरुस्ती जिंकते, त्यात वाद नाही. मला आलेल्या कोटेशनांवरून सांगायचं तर दुरुस्ती नव्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात बसते. काय जळलंय त्यावर हे वरखाली होतं. आयपीएम, म्हणजे मोटरला करंट देणारा आतला पॉवर ब्लॉक, गेला असेल तर खर्च एकदम चढतो. बाजारात त्याचे डुप्लिकेटही मिळतात आणि जुन्या पॅनलमधून काढून चकाचक केलेलेही, त्यामुळे स्वस्त कोटेशनचं कारण विचारून घेतलेलं बरं. वेळेत तर दुरुस्ती आणखीच पुढे. गाडीवर टाकून नेलं, रिपेअरवाला मोकळा असला तर दोन-चार दिवसांत परत. नवं मॉड्यूल डीलरच्या स्टॉकला असेल तर उद्या, नसेल तर वाट बघा.

लावायला मात्र बदलीचं सोपं जातं, निदान फॅनुकमध्ये. इथे सर्व्होचं डोकं कंट्रोलमध्ये बसलेलं असतं. एफएसएसबी या फॅनुकच्या सर्व्हो जोडणीच्या ऑप्टिकल केबलवरून हुकूम येतो आणि मॉड्यूल फक्त ताकद पुरवतं. पॅरामीटर मॉड्यूलमध्ये नसतात, म्हणून त्याच नंबरचं मॉड्यूल लावलं की मशीन बहुधा जसं होतं तसं चालू होतं. जपायचा तो झिरो, म्हणजे अक्षाची मूळ जागा. ती लक्षात ठेवणाऱ्या मोटरमधल्या अॅब्सोल्यूट एन्कोडरची बॅटरी मॉड्यूलला जोडलेली असते आणि फीडबॅक केबल काढली की एन्कोडरचा आधार तुटतो. अल्फा-आय मोटरमध्ये त्यासाठी छोटा कपॅसिटर आहे, तो दहा मिनिटांच्या आसपास सांभाळतो. बदलीचं मॉड्यूल हातात असेल तर चपळ माणूस तेवढ्या वेळात काम उरकतो. दुरुस्तीला दिलं तर झिरो जाणारच, परत आल्यावर रेफरन्स सेट करायला बसावं लागतं. आणि हो, चार्जचा दिवा पूर्ण विझेपर्यंत आत हात घालू नका, तिथे ३०० व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असतो.

दुरुस्तीची खरी पारख टेबलावर होते. कंट्रोलशिवाय हे मॉड्यूल मोटर फिरवूच शकत नाही. ज्याच्याकडे त्याच पिढीचा कंट्रोल आणि मोटर जोडलेली आहे तोच लोडवर चालवून दाखवू शकतो. बाकीचे २४ व्होल्ट देतात, डिस्प्लेवर आडवी रेघ आली की ‘टेस्टेड ओके’चं स्टिकर लावतात. आडवी रेघ म्हणजे मॉड्यूल जागं झालंय आणि कंट्रोलच्या रेडी सिग्नलची वाट बघतंय, एवढंच. शून्य आलं म्हणजे मोटरला पॉवर गेली. रेघेपासून शून्यापर्यंतच्या प्रवासातच बहुतेक दुखणी बाहेर येतात, आणि काही तर त्याच्याही पुढे, मे महिन्यातल्या दुपारी पॅनल तापल्यावर. रिपेअरवाल्याला मी पहिला प्रश्न हाच विचारतो : मोटरवर फिरवून दाखवणार का? जो हो म्हणाला आणि दाखवलंही, त्याच्याकडून आलेली कामं माझ्याकडे नीट चालली आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

तरीही माझं पारडं ज्याने झुकवलं ती गोष्ट किरकोळ वाटेल.

एक मॉड्यूल दुरुस्तीला दिलं होतं. परत आलं, लावलं, छान चाललं, तक्रार करावी असं काही नव्हतं. बऱ्याच महिन्यांनी त्याच मॉड्यूलला दुसरंच दुखणं लागलं. पहिला रिपेअरवाला तेव्हा गावाला गेलेला, म्हणून दुसऱ्याकडे नेलं. त्याने कव्हर काढलं, टॉर्च मारला आणि मला जवळ बोलावलं. गेट ड्रायव्हरच्या, म्हणजे पॉवर ब्लॉकला चालू-बंदचा इशारा देणाऱ्या, भागातल्या सगळ्या आयसींची पाठ एमरी पेपरने घासलेली. नंबर एकही शिल्लक नाही, नुसती राखाडी खरखरीत पाठ. शेजारी एका कोपऱ्यावर काळं इपॉक्सी ओतलेलं, त्याखाली काय आहे ते बोर्ड फोडल्याशिवाय कळणार नाही. तो म्हणाला, यात कुठला पार्ट बसवलाय तेच मला कळणार नाही, तर दुरुस्त काय करू? मॉड्यूल पिशवीत घालून परत दिलं. चेकिंगचे पैसेही घेतले नाहीत.

मग बदलीचा विचार केला. आपल्याकडे काही पुरवठादार जुनं मॉड्यूल जमा करून घेतात आणि नव्याची किंवा रिकंडिशन केलेल्याची किंमत कमी लावतात. तिथे फोटो पाठवले तर उत्तर आलं की उघडून फेरफार केलेला बोर्ड जमा होत नाही, पूर्ण किंमत भरावी लागेल. म्हणजे पहिल्या दुरुस्तीत वाचवलेले पैसे त्या नकाराने बऱ्यापैकी खाऊन टाकले. दुसऱ्याकडे दुरुस्ती होत नाही आणि कुठे जमाही होत नाही. माझ्याच मॉड्यूलची किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

नंबर घासणाऱ्याचीही बाजू असते, ती नाकारत नाही. कुठला पर्यायी पार्ट चालतो हे शोधायला त्याने वर्षं घातलेली असतात, आणि शेजारच्या गाळ्यातला पोरगा फोटो काढून तेच काम निम्म्या भावात करतो. पोट त्याचंही आहे. पण मॉड्यूल माझं आहे. तेव्हापासून मी असं धरतो की न उघडलेल्या मॉड्यूललाच सगळे रस्ते मोकळे असतात, आणि दुरुस्तीचं कोटेशन स्वस्त दिसतं तेव्हा ते रस्ते बंद होण्याची किंमत त्यात मिळवून बघतो.

यात एक मधली वाटही आहे आणि ती लोक विसरतात. फॅनुक स्वतःच्या जुन्या मालाची दुरुस्ती, ग्राहक वापरतोय तोवर, करत राहण्याचं धोरण पाळते. वेळ लागतो आणि रिपेअरवाल्यापेक्षा महागही पडतं, पण आत कोणी एमरी मारलेली नसते. मशीन आठवडाभर थांबवणं परवडत असेल तर हा पर्याय नक्की विचारून बघा. ऑनलाइन मिळणाऱ्या सेकंडहँडबद्दल मी फारसा उत्साही नाही. कुठल्या पॅनलमधून निघालं, किती वर्षं गोडाऊनमध्ये पडून होतं, कळत नाही, आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पडून राहिले तरी म्हातारे होतातच. तात्पुरता जीव वाचवायला ठीक.

जुन्या एसपीएमची गोष्ट मात्र उलटी आहे. एमआर-जे२एसचं उत्पादन बंद होऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे बदलायचं म्हणजे जे४ किंवा त्यापुढची पिढी. जे२एसचा एन्कोडर एका फेरीला १,३१,०७२ पल्स देतो, जे४चा ४१,९४,३०४, म्हणजे ३२ पट. इलेक्ट्रॉनिक गिअर (कंट्रोलरच्या पल्स आणि मोटरच्या फेऱ्या यांचं गुणोत्तर) नव्याने मांडा, मोटर बदला, केबल बदला. बी टाइप, म्हणजे मोशन कंट्रोलरच्या नेटवर्कवर चालणारा ड्राइव्ह, असेल तर एसएससीनेट हे जुनं तांब्याच्या केबलचं नेटवर्क जाऊन ऑप्टिकल आलं, म्हणजे वरच्या मोशन कंट्रोलरपर्यंत हात घालावा लागतो. टप्प्याटप्प्याने बदलायचे मार्ग कंपनीने दिलेत, पण पीएलसीचा प्रोग्रॅम लिहिणारा माणूस सापडला तर. आमचा एसपीएम बनवणारा आता फोनही उचलत नाही. इथे मी डोळे झाकून दुरुस्तीला देतो, नंबर घासले तरी चालतील. फक्त एक करा : बी टाइप नसेल तर या ड्राइव्हमध्ये पॅरामीटर आतच असतात, तेव्हा मशीन चालू असतानाच ते सॉफ्टवेअरने काढून ठेवा किंवा डिस्प्लेवर एकेक बघून वहीत लिहा. ड्राइव्ह मेल्यावर ते वाचता येत नाहीत.

तर व्हीएमसीवर, ज्या मशीनवर रोजचा माल निघतो आणि ज्याचं मॉड्यूल अजून मिळतंय, तिथे पहिल्याच ब्रेकडाउनला न उघडलेलं मॉड्यूल जमा करून बदली घेण्याकडे माझा कल आहे. पैसे जास्त जातात हे मान्य. तुमच्याकडे लोडवर चालवून दाखवणारा, नंबर न घासणारा माणूस असेल तर तुमचा हिशेब वेगळा येईल आणि तो बरोबरही असेल. असा माणूस असला तर चलनावर दोन ओळी लिहून घ्या : काढलेले पार्ट परत द्यायचे, आयसीवरचे नंबर शाबूत ठेवायचे. पहिल्यांदा तो हसेल. मग सही करतो की नाही ते बघा.

बदलीचं कोटेशन मागताना नेमप्लेटचा फोटोच पाठवा, शेवटच्या अक्षरांसह. फोनवर तोंडी सांगितलेल्या नंबरावर भलतंच मॉड्यूल येऊन पडलेलं आणि ते परत करताना चाललेली भांडणं मी आमच्याच गल्लीत पाहिली आहेत.