फुकटचा क्यूआर आणि दांडिया बाजारातले काका

कोड बनवून देणाऱ्या साइटला १ तारा, छपाईच्या दुकानाला साडेचार.

मी बडोद्यात डिझाइन शिकते. यंदा आमच्या वर्गाचं प्रदर्शन होतं सयाजीरावांच्या फिरत्या ग्रंथालयांवर. महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल इथे आणला आणि पुढे पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेड्यापाड्यांत जायला लागल्या. आम्ही सुताराकडून तशीच एक पेटी करून घेतली. आत ६० कॅटलॉग कार्डं, पितळी सळईत ओवलेली. कार्ड उलटायचं, कोडावर फोन धरायचा, की कोणाचे तरी आजी-आजोबा लायब्ररीची आठवण सांगायला लागतात. माझी आजीही आहे त्यात. सेंट्रल लायब्ररीतल्या काचेच्या फरशीवर पाय टाकायला ती घाबरायची.

कार्डं ३०० जीएसएमची, म्हणजे जाड कागदाची. मी ग्लॉसी लॅमिनेशन सांगितलं होतं. दुकानातल्या काकांनी खोलीत दिवे कुठे आहेत ते विचारलं आणि चमकू नये म्हणून मॅट लावलं. मग प्रूफ हातात धरून म्हणाले, "अगं, सळईचं भोक कोडातून जातंय." आम्ही सहा जणांनी तीन आठवडे तो लेआउट बघितला होता! मी म्हटलं, काका, ३० टक्के खराब झाला तरी चालतो कोड. दुरुस्तीची सगळ्यात वरची पातळी ठेवली, म्हणजे खराब भाग भरून काढायची सोय जास्तीत जास्त ठेवली, तर ते खरंही आहे, पण भोक नेमकं कोपऱ्यातल्या मोठ्या चौकोनावर येत होतं. तो गेला की फोनला कोडच सापडत नाही. कोड वर सरकवला.

आता साइट. आम्ही 'डायनॅमिक' कोड घेतला, म्हणजे छापून झाल्यावरही आतली लिंक बदलता येते. त्या कोडात आपला पत्ता नसतोच, त्या कंपनीचा असतो. फोन आधी त्यांच्या दारात जातो, ते पुढे आपल्याकडे पाठवतात. शनिवारी उद्घाटन, गुरुवारी रात्री कार्ड स्कॅन केलं तर "कोड बंद आहे, प्लॅन घ्या". फुकटचे १४ दिवस संपले होते. साठच्या साठ कार्डं मुकी. हे लिहिलेलं होतं का? होतं, तळाला, फिक्या करड्या रंगात. तारा एकच राहील.

रात्री बसून साधे कोड केले, थेट आमच्याच वेबसाइटचे. पत्ता २४ अक्षरांत कोंबला, त्यामुळे दुरुस्तीची सगळ्यात वरची पातळी ठेवूनही कोड २९ बाय २९ काळ्या-पांढऱ्या घरांत मावला. लिंक लांब असती तर घरं बारीक झाली असती. शुक्रवारी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसले. काका म्हणाले, "चहा घे आधी, रडू नको." पाच वाजता ६० स्टिकर हातात.

अर्धा तारा का कापला? सात स्टिकरांची पांढरी किनार कटिंगमध्ये गेली. कोडाभोवती चार घरांएवढी मोकळी जागा लागते. इथे तर खालचा जुना कोड कडेने डोकावत होता. फोन गोंधळला. काकांनी न कुरकुरता सात पुन्हा काढून दिले, पैसे घेतले नाहीत.

दुपारी एक ते चार शटर खाली असतं. फाइल पेनड्राइव्हवर न्या, व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं ते उघडतच नाहीत.