सेसना १७२ एस: इंजिन गेल्यावर कसं वागतं?

इंजिन चालू असताना १७२ एस या एका इंजिनाच्या छोट्या विमानाबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. इंदुरात शिकायला किंवा भाड्याने हे विमान घेणाऱ्यांनी ते इंजिनाशिवाय कसं उतरतं, हेही बघून घ्यावं.

पूर्ण वजनाला, म्हणजे २,५५० पौंडांना, ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगत उतरण्याचा, वेग ६८ नॉट (ताशी सागरी मैल). वारा नसेल तर हजार फुटांत दीड सागरी मैल, पावणेतीन किलोमीटर. इंदूरजवळच्या राऊवर जमिनीपासून ३,००० फुटांवर इंजिन गेलं तर हाताशी चार मिनिटं आणि आठेक किलोमीटर. विमानतळ दहा किलोमीटरवर. धावपट्टीचा नाद सोडा, शेत बघा. त्यात इंदूरची जमीनच सुमारे १,८५० फूट उंच. अल्टिमीटर समुद्रसपाटीपासूनची उंची, म्हणजे ४,८५०, दाखवतो आणि नवखा निवांत राहतो.

पुन्हा सुरू करायचे टप्पे सुटसुटीत आहेत: वेग ६८, फ्युएल शटऑफची (इंधन बंद करायची) मूठ पूर्ण आत, टाकी निवडायचा सिलेक्टर ‘बोथ’वर (दोन्ही टाक्या), इंधनाचा ऑक्झिलरी पंप चालू, मिक्स्चर (इंधन-हवेचं मिश्रण) रिच, इग्निशनची किल्ली ‘बोथ’वर. पुढचा प्रोपेलर थांबला असेल तरच स्टार्टर. उड्डाणानंतर लगेच इंजिन गेलं तर मात्र हे करत बसू नका. नाक खाली घ्या, समोरच, फार न वळता उतरा.

खरी मेख फ्लॅप्समध्ये, म्हणजे उतरताना पंखांच्या मागच्या कडेला खाली येणाऱ्या पट्ट्यांमध्ये. ते विजेवर चालतात. घाईत विजेचा मास्टर स्विच आधी बंद केला की फ्लॅप्स आहेत तिथेच अडकतात. म्हणून आधी मिक्स्चर, शटऑफ, इग्निशन बंद. शेत नक्की गाठतोय हे दिसल्यावर फ्लॅप्स ३० अंश, वेग ६५, आणि मास्टर शेवटी. टेकण्याआधी दारांची कडी काढा. सांगाडा वाकला तर दार उघडत नाही.

इंधन तपासायला १३ ड्रेन (थोडं इंधन काढून बघायच्या तोट्या) आहेत: दोन्ही पंखांखाली पाच-पाच, इंजिनाखाली तीन. कंटाळवाणं काम, पण पावसाळ्यात टाकीच्या झाकणातून पाणी शिरतं आणि तळाशी बसतं. कप उजेडात धरा. एव्हीगॅस (विमानाचं पेट्रोल) निळसर असतं, पाण्याचा थेंब खाली वेगळा दिसतो. अख्खा कपच पाण्याने भरला तर पाणी-इंधनामधली रेघ दिसत नाही. रंग आणि वास दोन्ही बघा.

शेतांचं म्हणाल तर माळव्याची काळी माती पावसाळ्यात दगा देते: सोयाबीनच्या ओल्या रानात पुढचं चाक रुततं आणि विमान उलटू शकतं. गहू निघाल्यावरची रानं बरी, सरींच्या दिशेनेच उतरा. वरून तारा दिसत नाहीत, खांब शोधा.

स्वस्तात जुनं १७२ एन मिळत असेल तर एक फरक लक्षात ठेवा. एसमध्ये फ्युएल इंजेक्शन आहे, एनमध्ये इंधन हवेत मिसळणारा कार्बुरेटर. दमट हवेत, बाहेर वीस-पंचवीस अंश असतानाही, कार्बुरेटरमध्ये बर्फ धरतो. आरपीएम (इंजिनाचे फेरे) हळूहळू उतरायला लागले की कार्ब हीट, म्हणजे कार्बुरेटरला गरम हवा देणारी मूठ, लगेच पूर्ण ओढा. ती उष्णता एक्झॉस्टची असते, इंजिन थांबल्यावर मिळत नाही.