उतारवयातलं प्रेम : आधी बर्गमन की आधी कीटन?

वय झालेल्या माणसांच्या प्रेमाची हॉलिवूड कॉमेडी बघायची आहे आणि मोकळी संध्याकाळ एकच आहे, तर यादी लांबवू नका. स्टॅन्ली डोननचा ‘इनडिस्क्रीट’ (१९५८) लावा, नाहीतर नॅन्सी मायर्सचा ‘समथिंग्ज गॉटा गिव्ह’ (२००३). दोन्हींत नायिका नाटकाच्या दुनियेतली, नाव कमावलेली, स्वतःच्या घरात स्वतःच्या पैशावर राहणारी. दोन्हींत नायक लग्नाचं नाव काढलं की काढता पाय घेणारा. साम्य इथवरच. पहिल्यात वयाचा विषय कुणी फारसा काढत नाही, दुसऱ्यात वय सोडून बोलणं नाही. तुम्हाला यातलं काय हवंय, एवढंच ठरवायचं.

‘इनडिस्क्रीट’मध्ये इन्ग्रिड बर्गमन लंडनच्या रंगभूमीवरची नटी आहे आणि कॅरी ग्रांट तिच्या प्रेमात पडलेला अर्थतज्ज्ञ. माझं लग्न झालंय, बायकोपासून वेगळा राहतो, पण घटस्फोट मिळणं शक्य नाही, असं तो तिला पहिल्यापासून सांगून ठेवतो. तीही हे समजून-उमजून स्वीकारते. खरी गोम अशी, की हा गडी चक्क अविवाहित आहे! बायको असल्याची थाप एकदा मारली, की लग्नाची मागणीच येत नाही, हा त्याचा हिशोब. हे तिला कळतं तेव्हा तिचा संताप बघण्यासारखा आहे. विवाहित पुरुषाशी संबंध ठेवल्याचा नाही, तो विवाहित नसल्याचा! त्यानंतरच्या नृत्याच्या प्रसंगात तिला सगळं माहीत असतं आणि त्याला तिला माहीत असल्याचं माहीत नसतं. तो मजेत उड्या मारत स्कॉटिश नाच नाचतो, आणि बर्गमन नुसत्या नजरेनं त्याला भाजून काढते. ग्रांट तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता, पण या नाचात ते विसरायलाच होतं.

एक फोनचा प्रसंग खास लक्ष देऊन बघा. तो पॅरिसला, ती लंडनला, दोघं आपापल्या पलंगावर पडून बोलतायत. पडदा मधोमध विभागलेला, आणि दोन्ही पलंग असे जुळवलेत की दोघं शेजारी झोपल्यासारखे दिसावेत. त्या काळच्या सेन्सॉर नियमांत अविवाहित जोडप्याला एका पलंगावर दाखवणं अवघड होतं. डोननने नियम पाळला आणि दाखवायचं ते दाखवलंही.

बर्गमनबद्दल थोडं ठाऊक असेल तर सिनेमा आणखी रंगतो. इटालियन दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनीशी असलेल्या विवाहबाह्य संबंधांवरून १९५० मध्ये अमेरिकेच्या सेनेटमध्ये तिच्यावर जाहीर टीका झाली होती. पुढे ‘अनास्तासिया’ या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं तेव्हा ती समारंभाला नव्हती, तिच्या वतीनं ते स्वीकारलं कॅरी ग्रांटनेच. अशा बाईला परपुरुषाबरोबरच्या संबंधांच्या कॉमेडीत घ्यायला हिंमत लागली असणार. उणं सांगायचं तर सिनेमा मूळच्या नाटकावरून घेतलाय आणि ते लपत नाही. पहिला अर्धा भाग दिवाणखान्यात गप्पा मारत सरतो. जुन्या सिनेमांची सवय नसेल तर तिथे जांभया येतील.

‘समथिंग्ज गॉटा गिव्ह’ला हा सभ्यपणा परवडत नाही. जॅक निकल्सनचा हॅरी ६३ वर्षांचा, कायम तरुण मुलींच्या मागे. असाच एका मैत्रिणीबरोबर तिच्या आईच्या, न्यूयॉर्कजवळच्या हॅम्प्टन्समधल्या समुद्रकाठच्या घरी येतो आणि त्याला हार्ट अटॅक येतो. हॉस्पिटलात डॉक्टर विचारतो, व्हायग्रा घेतली होती का? तो ठाम नाही म्हणतो. ती घेतली असेल तर आत्ता लावलेलं औषध जीवघेणं ठरेल, हे कानावर पडताच स्वतःच्या हातानं सलाइन उपटतो. पुढे त्याची शुश्रूषा करायची वेळ मैत्रिणीच्या आईवर, म्हणजे नाटककार एरिकावर येते. एरिका म्हणजे डायान कीटन.

पहिल्यांदा जवळ येताना ही दोघं आधी रक्तदाब मोजतात. हसू येतं, पण चेष्टा वाटत नाही. मात्र मला या सिनेमाचा खरा कणा वाटतो तो जेवणाच्या टेबलावरचा प्रसंग. एरिकाची बहीण (फ्रान्सेस मॅकडोर्मंड) हॅरीसमोरच हिशोब मांडते : लग्न न केलेल्या साठीच्या पुरुषावर मासिकात कौतुकाचे लेख येतात, आणि इतकी कर्तबगार बाई मात्र रोज रात्री घरी एकटी. खरं सांगायचं तर हे भाषण आहे, पण मॅकडोर्मंड ते घास घेता घेता बोलल्यासारखं बोलते, म्हणून पचतं. पुढे मन मोडल्यावर एरिका हमसून हमसून रडते आणि रडता रडता टाइप करत नाटक लिहीत सुटते. कीटनला ऑस्करचं नामांकन मिळालं, गोल्डन ग्लोब मिळालं, ते उगाच नव्हे.

याचीही उणी बाजू आहे. सिनेमा दोन तासांहून लांब आहे आणि शेवटचा पॅरिसचा भाग रेंगाळतो. किआनू रीव्ह्जचा ३६ वर्षांचा डॉक्टर एरिकावर मनापासून भाळतो. त्याच्या वाट्याला जे येतं त्यावर आमच्या घरी अजून एकमत नाही. शिवाय ते घर! ते पांढरं स्वयंपाकघर बघितल्यावर आपल्या ओट्याकडे दोन दिवस बघवत नाही.

सासू-सासऱ्यांबरोबर बसून बघणार असाल तर मुकाट्यानं ‘इनडिस्क्रीट’ लावा. दुसऱ्यात निकल्सन हॉस्पिटलात, पाठ उघडी राहणाऱ्या गाउनमध्ये फिरतो, आणि कीटन क्षणभर विवस्त्र दिसते. रिमोट शोधायची पाळी येईल. जोडीदाराबरोबर किंवा मैत्रिणींबरोबर असाल, आणि गुडघे, चष्मा, गोळ्या हे विषय घरात सुरू झालेले असतील, तर ‘समथिंग्ज गॉटा गिव्ह’. माझं स्वतःचं मत याच बाजूला झुकतं. ‘इनडिस्क्रीट’ची माणसं बघायला छान वाटतात, पण ओळखीची वाटतात ती एरिका आणि हॅरी.

दोन्ही बघायचे ठरले, तर १९५८चा आधी बघा. उलट क्रमानं बघितलात तर मायर्सच्या मोकळ्याढाकळ्या बोलण्यानंतर डोननची नजाकत फिकी वाटेल, आणि त्या फोनच्या प्रसंगातली गंमत हातची जाईल.